घरी ऑटोमॅटिक गिअरबॉक्स बांधायचाय? आधी प्लेट का जळली ते शोधा

पाथर्डी फाट्याहून आलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. गाडी २०१३ सालची, चार गिअरची, टॉर्क कन्व्हर्टरवाली (म्हणजे इंजिनची ताकद तेलातून गिअरबॉक्सला देणारी) ऑटोमॅटिक. सव्वा लाखाच्या आसपास किलोमीटर झालेत. मुंबईहून येताना कसारा घाट चढायला लागली की दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना रेस एकदम चार हजारांवर जाते आणि गाडी ओढत नाही. सकाळी थंड असताना रिव्हर्स टाकला तर तीन-चार सेकंदांनी लागतो. तेल काळपट, वास जळका. एका गॅरेजने तेल बदलून दिलं, त्यानंतर त्रास वाढला. दुसऱ्याने अख्खी असेंब्ली बदला म्हणून दीड लाख सांगितले. मुलगा सातपूरच्या आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचं शिकतो. दोघांनी मिळून घरीच गिअरबॉक्स बांधावा का?

बांधता येईल. सत्तावीस वर्षं मी ऑटोमॅटिक बॉक्सच बांधतोय, सुरुवातीची सहा वर्षं मुंबईत उस्तादाच्या हाताखाली आणि नंतर इथे अंबडला. यात हाताचं कसब लागतं ते तुम्हा दोघांना येण्यासारखं आहे. पण तुम्ही कामाचा जो क्रम लिहिलाय, म्हणजे आधी ओव्हरहॉल किट आणि क्लच प्लेटा मागवायच्या, मग बॉक्स उतरवायचा, मग जळालेल्या काढून नव्या टाकायच्या, तो मला मान्य नाही. प्लेट का जळली हे कळेपर्यंत नवी प्लेट बसवायची नाही. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या प्रत्येक पोराला पहिल्या दिवशी मी हेच सांगतो, आणि हे मी स्वतः एका गिऱ्हाइकाचं नुकसान करून शिकलोय.

वणीला भाविकांची ने-आण करणारी एक ऑटोमॅटिक गाडी होती. तिसरा गिअर स्लिप मारायचा, तुमच्यासारखाच. मी बॉक्स खोलला, तिसऱ्याच्या क्लचच्या प्लेटा कोळसा झालेल्या. नव्या टाकल्या, सगळी सीलं बदलली, गाडी लोण्यासारखी चालली. अठराशे किलोमीटरनंतर गडावरून उतरल्यावर टोचन करून परत आली. पुन्हा त्याच प्लेटा जळलेल्या. त्या वेळी मी प्लेटा बसतात तो ड्रम हातात घेऊन त्याच्या आतल्या भोकात बोट फिरवलं. ज्या जागेवर टेफ्लॉनच्या सीलिंग रिंगा फिरतात तिथे नख अडकेल अशी खाच पडली होती. रिंगा नव्या होत्या, पण खाचेतून तेलाचं प्रेशर गळत होतं. पिस्टनला पुरता दाब मिळत नव्हता, म्हणून प्लेटा घट्ट धरत नव्हत्या, घसरत होत्या आणि घसरून जळत होत्या. मी पहिल्या वेळी नख फिरवलं असतं तर त्या माणसाचा हंगाम बुडाला नसता. दुसऱ्यांदा बांधण्याचे पैसे मी घेतले नाहीत, पण गेलेले दिवस काही परत देता आले नाहीत.

आता तुमच्या गाडीकडे येऊ. पहिली गोष्ट, तुमचा बॉक्स खरोखर टॉर्क कन्व्हर्टरचाच आहे, ही खात्री चांगली आहे. ‘ऑटोमॅटिक’ या एका शब्दात आपल्याकडे चार वेगवेगळी यंत्रं येतात. एएमटी म्हणजे साधा मॅन्युअल गिअरबॉक्स आणि त्याचा क्लच-लिव्हर हलवणारा ॲक्च्युएटर. त्याचं काम वेगळं. सीव्हीटीत पोलादी पट्टा दोन पुलींमध्ये दाबून धरलेला असतो, पुलीच्या तोंडावर ओरखडा आला की घरगुती इलाज उरत नाही. कोरड्या जुळ्या क्लचचे बॉक्स खास पुलर आणि सेटिंगच्या हत्यारांशिवाय उघडूच नयेत. या तिघांपैकी कुठलाही असता तर मी इथेच नको म्हटलं असतं. होंडाचे जुने ऑटोमॅटिक बॉक्सही जरा निराळे, त्यांत ग्रहमालेसारखे प्लॅनेटरी गिअर नसून मॅन्युअलसारखे समांतर शाफ्ट असतात. ते बांधता येतात, पण खाली लिहिलेलं सगळं त्यांना जसंच्या तसं लागू होणार नाही.

बॉक्सच्या अंगावर एक पत्र्याची पट्टी किंवा स्टिकर असतो, त्यावर कोड असतो. त्याचा फोटो काढा. गाडीच्या मॉडेलच्या नावावरून पार्ट मागवू नका. एकाच मॉडेलमध्ये सालाप्रमाणे बॉक्स बदललेला असतो. त्या कोडवरून दुरुस्ती मॅन्युअल मिळवा आणि त्यातलं एक पान आधी छापून भिंतीला लावा: क्लच चार्ट. कोणत्या गिअरला कोणता क्लच, कोणता ब्रेक आणि कोणता वन-वे (एकाच दिशेने फिरू देणारा क्लच) लागतो याचा तो तक्ता. माझ्या लेखी अख्ख्या मॅन्युअलमधलं हे सगळ्यात किमती पान.

ते का, हे तुमच्याच गाडीवर दाखवतो. चार गिअरच्या बऱ्याच जपानी बॉक्समध्ये तिसऱ्या गिअरला आणि रिव्हर्सला एक क्लच सामाईक असतो, त्याला डायरेक्ट क्लच म्हणतात. तुमची तक्रार नेमकी या दोनच ठिकाणी आहे. पहिला नीट, दुसरा नीट, तिसऱ्यात जाताना रेस उडते, आणि रिव्हर्स उशिरा लागतो. दोन्ही बोटं एकाच क्लचकडे जातात. पण रिव्हर्सला त्याच्या जोडीला बॉक्सच्या आतलाच आणखी एक ब्रेक (फिरता भाग थांबवून धरणारा) लागतो, तो लो-रिव्हर्स ब्रेक. दोष त्याचा नाही हे कसं कळणार? लिव्हर एलमध्ये टाका आणि छोट्या उतारावर अ‍ॅक्सिलरेटर सोडा. गाडी इंजिनवर अडखळून धरली गेली तर तो ब्रेक ठीक आहे, कारण एलमध्ये इंजिन ब्रेकिंग त्याच्यामुळेच मिळतं. बॉक्स न खोलता, एक पाना न लावता, तुम्ही एका क्लचपर्यंत पोचलात. तुमच्या कोडचा चार्ट समोर ठेवून हे पडताळून घ्या, कारण सगळ्या बॉक्समध्ये वाटणी अशीच नसते.

क्लच कळला, कारण अजून कळलेलं नाही. त्या क्लचपर्यंत तेल कमी दाबाने पोचतंय का, की तेल बरोबर येतंय आणि आतच गळतंय? गोदेला किती पाणी आलंय ते आपण नाशिककर दुतोंड्या मारुतीकडे बघून सांगतो. बॉक्सच्या आतलं पाणी सांगणारा मारुती म्हणजे प्रेशर गेज. केसिंगवर एक छोटा प्लग असतो, तो काढून तिथे गेज लावायचा. वीस किलोपर्यंत (दर चौरस सेंटिमीटरला) दाब मोजणारा आणि मापाच्या आट्यांचा अ‍ॅडॉप्टर असलेला गेज हवा. तेल गरम झाल्यावर डीमध्ये आणि आरमध्ये, आयडलला लाइन प्रेशर (पंपाकडून येणारा मुख्य दाब) घ्या. बऱ्याच जपानी बॉक्समध्ये डीला आयडलवर चार किलोच्या आसपास येतं आणि आरला त्याहून बरंच जास्त. तुमच्या बॉक्सचा नेमका आकडा मॅन्युअलमधला धरायचा. दोन्हीकडे कमी आलं तर रोग मुळाशी आहे: तेलाची पातळी, बुजलेला फिल्टर, झिजलेला पंप, अडकलेला प्रेशर रेग्युलेटर वॉल्व्ह किंवा प्रेशरचा सोलेनॉइड (विजेवर चालणारा वॉल्व्ह). दोन्ही बरोबर असतील तर गळती त्या एका क्लचच्या वाटेवर आहे: पिस्टनचं कडक झालेलं सील, सीलिंग रिंगा, ड्रमचं भोक, क्लच लागतानाचा झटका सोसणारा त्या क्लचचा अ‍ॅक्युम्युलेटर.

स्टॉल टेस्ट हा शब्द तुमच्या मुलाला माहीत असेल. चाकांना ओटी (अडसर) लावून, दोन्ही ब्रेक दाबून, गिअरमध्ये पूर्ण रेस द्यायची आणि इंजिन किती आरपीएमवर थांबतं ते बघायचं. डीमध्ये बरोबर आणि आरमध्ये जास्त आलं तर वरच्या तर्काला आणखी एक साक्ष मिळते. पण पाच सेकंदांच्या वर एक क्षणही नाही, गाडीच्या समोर-मागे कुणी नाही, आणि तुमचा क्लच आधीच भाजलेला असल्याने एकदाच करा. खरं तर प्रेशरचे आकडे मिळाले तर ही चाचणी सोडली तरी चालेल.

वायरिंग विसरू नका. स्कॅनर लावून कोड वाचा. पी०७०० आला तर त्याचा अर्थ फक्त ‘गिअरबॉक्सच्या कंट्रोलरकडे बघा’ एवढाच. पी०७३३ आला तर तिसऱ्याचं गुणोत्तर जुळत नाही, म्हणजे क्लच खरोखर घसरतोय. सोलेनॉइडचा रेझिस्टन्स मल्टिमीटरने मोजा. जपानी बॉक्समधले साधे चालू-बंद सोलेनॉइड बहुधा ११ ते १५ ओहम दाखवतात, प्रेशर सांभाळणारे ५ च्या आसपास. कनेक्टर काढून आत तेल झिरपलंय का, बॉक्सची अर्थिंगची पट्टी गंजलीय का, तेही बघा. बॉक्स बांधून झाल्यावर दोष कनेक्टरचा निघाला, असं मी दुसऱ्यांच्या हातून घडलेलं दोनदा पाहिलंय.

तेल बदलल्यावर त्रास वाढला, म्हणून तेलवाल्याने बॉक्स घालवला असं तुम्हाला वाटतंय. मला त्यात अर्धंच तथ्य दिसतं. आपल्याकडे लोक ऑटोमॅटिकचं तेल बदलायला येतात तेच मुळी स्लिप सुरू झाल्यावर. तोपर्यंत प्लेटेचं अस्तर संपत आलेलं असतं. नवं तेल ते भरून आणू शकत नाही. उरलेला अर्धा भाग मात्र विचारण्यासारखा आहे: कोणतं तेल टाकलं आणि पातळी कशी तपासली? लाल दिसतं ते सगळं एटीएफ (ऑटोमॅटिकचं तेल) एक नसतं. प्रत्येक कंपनीचा स्पेसिफिकेशन वेगळा असतो, आणि प्लेट किती गुळगुळीत पकडेल, किती झटक्यात पकडेल हे तेलातल्या मिश्रणावर ठरतं. डब्याचं नाव विचारून घ्या. चुकीचं असेल तर कारणांच्या यादीत ते पहिलं लिहा.

एवढं झालं, कागदावर कारण उतरलं, की बॉक्स उतरवायचा.

जागेबद्दल मी कडक आहे. तुम्ही पोर्च म्हणालात. उतरवायला पोर्च ठीक, खोलायला आणि बांधायला नाही. दार-खिडक्या बंद होणारी खोली हवी, पंखा बंद. वॉल्व्ह बॉडीतले (तेलाला गिअरनुसार वाट दाखवणाऱ्या ठोकळ्यातले) वॉल्व्ह आणि त्यांची भोकं यांच्यामधली फट इतकी बारीक असते की कापसाचा एक धागा वॉल्व्ह अडकवायला पुरतो. म्हणून गॅरेजमध्ये हात पुसायला वापरतो ते वेस्ट (सुताचा गुंता) या खोलीत आणूच नका. धागे न सुटणारं कापड किंवा नुसती हवा. एप्रिल-मेमधली वावटळ आणि पावसाळ्यातली ओल, दोन्ही टाळा. प्लेटेचं अस्तर कागदी जातीचं असतं, ओल लागली की डिंक सुटतो, आणि धुतलेल्या स्टील प्लेटांवर रात्रीत गंज चढतो. दिवाळीनंतरचे दिवस उत्तम. थंडीत रबरी सीलं ताठरतात, त्याचा उपाय सोपा: बसवण्याआधी कोमट एटीएफमध्ये ठेवायची.

हत्यारांमध्ये नेहमीच्या पान्यांखेरीज चांगली सर्क्लिप पक्कड, फिलर गेज, व्हर्निअर, चुंबकी स्टँडचा डायल गेज आणि कमी ताकदीचा टॉर्क पाना लागेल. वॉल्व्ह बॉडीचे बोल्ट बहुधा १० न्यूटन-मीटरच्या आसपास कसायचे असतात, चाकांसाठीचा मोठा टॉर्क पाना तिथे निरुपयोगी. क्लचची स्प्रिंग दाबायचा कॉम्प्रेसर विकत घेऊ नका, जाड पट्टी आणि आट्यांचा रॉड घेऊन मुलाला वर्कशॉपमध्ये करू द्या. आणि स्वयंपाकघरातून एक जुनं अप्पेपात्र मागून घ्या. चेक बॉल (तेलाच्या वाटा अडवणाऱ्या छोट्या गोळ्या), छोट्या स्प्रिंगा, वेगवेगळ्या लांबीचे बोल्ट ठेवायला त्यासारखं काही नाही. मी आजही तेच वापरतो.

उतरवणं हे मेहनतीचं काम आहे, अवघड नाही. बॅटरी काढा, तेल सोडा, ड्राइव्ह शाफ्ट काढा, इंजिनला वरून आधार द्या. कन्व्हर्टर आणि फ्लेक्सप्लेट (इंजिनकडची पातळ चकती) यांच्यावर खूण करा, मग क्रँक फिरवत कन्व्हर्टरचे बोल्ट एक-एक काढा. कन्व्हर्टर बॉक्सबरोबरच बाहेर आला पाहिजे, इंजिनला लटकून राहता कामा नये. बॉक्स ६०-७० किलोचा असतो. गाडी लोखंडी घोड्यांवरच (स्टँडवर) उभी करा. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली तुम्ही किंवा मुलगा, कुणीही शिरायचं नाही. यात मला काहीही चालवून घेता येत नाही.

बाहेरून धुऊन, वाळवून मगच खोलीत आणा. खोलण्याआधी इनपुट शाफ्टचा एंड प्ले (मागे-पुढे सरकण्याची मोकळीक) डायल गेजवर मोजून लिहा. मग चेंबर (बॉक्सच्या तळाचं तेलाचं भांडं) काढा आणि तळाचं चुंबक बघा. राखाडी, मऊ चिखल असेल तर तो नेहमीच्या झिजेचा. काळी भुकटी प्लेटांच्या अस्तराची. पिवळसर चमक बुशाची. लोखंडाचे तुकडे दिसले तर गिअर किंवा बेअरिंग गेलंय, आणि मग हे काम किटमध्ये भागणारं नाही.

आतला प्रत्येक भाग निघेल त्या क्रमाने स्वच्छ प्लास्टिकवर डावीकडून उजवीकडे मांडा, ज्या तोंडाने निघाला त्याच तोंडाने. प्रत्येक पायरीला फोटो. थ्रस्ट बेअरिंग आणि वॉशर निघतील तेव्हा मोजा, मॅन्युअलच्या चित्राशी जुळवा आणि आकडा कागदावर लिहा. शिकाऊ असताना एक पातळ थ्रस्ट वॉशर जुन्या भागाच्या पाठीला तेलाने चिकटून धुण्याच्या ट्रेमध्ये राहिला होता. बॉक्स बांधला, हाताने छान फिरला, गाडी निघाली. तीनशे किलोमीटरमध्ये ड्रमने शेजारच्या भागाला खाऊन टाकलं. उस्ताद ओरडले नाहीत. त्यांनी मला तो खाल्लेला भाग दिला आणि माझ्या बाकावर ठेवायला सांगितला. तो अजून माझ्याकडे आहे.

डायरेक्ट क्लचच्या ड्रमवर वेळ घालवा, तुमचं उत्तर तिथे आहे. प्लेटा काळ्या पडल्या असतीलच; स्टील प्लेटांवर निळे डाग दिसतील, त्या काचेवर ठेवून वाकल्यात का बघा, निळ्या झालेल्या परत वापरू नका. पण मुख्य बघायचं ते पुढचं. पिस्टनचं सील बोटांत वाकवा: प्लास्टिकसारखं कडक झालंय का, कडेला चीर आहे का? ड्रममध्ये किंवा पिस्टनमध्ये एक छोटा बॉल असतो, क्लच सुटल्यावर तेल बाहेर जावं म्हणून. तो खुळखुळला पाहिजे आणि आपल्या जागी नीट बसला पाहिजे. रिंगा जिथे फिरतात ते भोक नखाने तपासा. बुश झिजून ड्रम लटपटतोय का बघा, कारण बुश गेला की रिंगा एका बाजूला दाबल्या जातात आणि गळती सुरू होते. त्या क्लचच्या अ‍ॅक्युम्युलेटरचा पिस्टन काढून त्याचं सील आणि भोकाच्या भिंतीवरचे ओरखडे बघा. यांतलं एक तरी सापडलंच पाहिजे. काहीच सापडलं नाही तर पुढे जाऊ नका, परत प्रेशरच्या आकड्यांकडे या.

आता किट मागवा. गॅस्केट, सीलं, रिंगा, फिल्टर, प्लेटा, आणि जे खराब निघालं ते. मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जुने बॉक्स मिळतात. खाच पडलेला ड्रम नवा घेण्यापेक्षा तिथून चांगला शोधून आणणं परवडतं. जाताना जुना ड्रम आणि व्हर्निअर बरोबर न्या. जुनी प्लेट किंवा जुनं सील मात्र कुठूनही आणू नका.

वॉल्व्ह बॉडी लोकांना घाबरवते, आणि थोडी भीती योग्यच आहे. भुलभुलैयासारख्या वाटा कोरलेला तो अ‍ॅल्युमिनियमचा ठोकळा, त्यातच गाडीचं सगळं शहाणपण भरलेलं असतं. दोन भाग वेगळे करताना मधली पत्र्याची प्लेट खालच्या भागाला धरूनच उचला, नाहीतर चेक बॉल कुठल्या कप्प्यातून पडले ते कळत नाही. एका वेळी एकच वॉल्व्ह काढायचा, धुवायचा, तेल लावून परत घालायचा. ओला वॉल्व्ह ठोकळा उभा धरल्यावर स्वतःच्या वजनाने सरकत खाली आला पाहिजे. अडकला तर पॉलिश पेपर मारू नका. त्याने भोक मोठं होतं आणि मग गळती कायमची. प्रेशर रेग्युलेटरचा स्क्रू किंवा स्प्रिंग ‘जरा दाब वाढावा’ म्हणून छेडू नका. धुवायला ब्रेक क्लीनर चालतो, पण रबरापासून लांब. बंद खोलीत पेट्रोल अजिबात नको.

बांधणी. नव्या प्लेटा एटीएफमध्ये भिजत घाला. मॅन्युअलमध्ये अर्धा तास ते दोन तास असं काहीतरी असतं, मी रात्रभर ठेवतो. कोरडी प्लेट बसवली तर पहिल्याच पकडीत तिचं तोंड भाजतं. पिस्टनच्या सीलाची ओठासारखी कड नेहमी दाबाच्या बाजूला. घालताना कड दुमडू नये म्हणून पातळ प्लास्टिकची पट्टी आतून फिरवत पिस्टन सरकवा, ठोकू नका. टेफ्लॉनची रिंग ताणून बसवल्यावर मोठी राहते. कोल्ड्रिंकच्या बाटलीची गुळगुळीत पट्टी गुंडाळून वर क्लिप हलकी कसा आणि थोडा वेळ ठेवा, मूळ मापावर येते. बेअरिंगं आणि चेक बॉल जागेवर धरून ठेवायला ग्रीस नको. ग्रीस तेलात विरघळत नाही, फिल्टर आणि सोलेनॉइडमध्ये जाऊन बसतं. साधं व्हॅसलीन वापरा, ते गरम तेलात विरघळून जातं.

क्लच भरला, सर्क्लिप बसली, की फिलर गेजने फट मोजायची. बऱ्याच क्लचला ती अर्धा ते दीड मिलिमीटरच्या दरम्यान असते, नेमकी मॅन्युअलमध्ये. जास्त निघाली तर जाड सर्क्लिप किंवा जाड स्टील प्लेट टाकून बरोबर करायची. इथे ‘चालून जाईल’ म्हणणारे पुष्कळ भेटतात. फट जास्त राहिली की पिस्टनला लांब सरकावं लागतं, क्लच उशिरा पकडतो आणि रेस उडते, म्हणजे ज्या तक्रारीसाठी हे सगळं केलं तीच परत.

त्यानंतर हवेची चाचणी, आणि ही टाळली तर तुमची सगळी मेहनत अंदाजावर सोडल्यासारखी होईल. कॉम्प्रेसरचा दाब दोन-अडीच किलोवर आणा, त्या क्लचच्या तेलाच्या भोकावर नोझल धरा आणि हवा सोडा. पिस्टन ‘ठप्प’ करून बसला पाहिजे आणि हवा धरून ठेवली पाहिजे. रिंगांपाशी किंचित सुसकारा चालतो, सतत सूं सूं नाही. आधी ड्रम बाहेर असताना एकदा आणि सगळं केसमध्ये बसवल्यावर पुन्हा एकदा, दोन्ही वेळा करा. वणीच्या गाडीला मी ही चाचणी पहिल्या वेळी ड्रम बाहेर ठेवून केली होती, केसमध्ये बसवल्यावर केली नाही. म्हणून खाचेतली गळती मला ऐकू आली नाही.

कन्व्हर्टर घरी दुरुस्त होत नाही. तो वेल्ड केलेला असतो. लेथवर कापून, धुऊन, आतला लॉकअप क्लच बघून, परत वेल्ड करून बॅलन्स करावा लागतो. तुमचं तेल जळालेलं असल्यामुळे आत ती काळी भुकटी बसलेलीच आहे, उलटा ठेवून निथळल्याने ती निघत नाही. हे काम करणाऱ्याकडे पाठवा किंवा बदला. हीच गोष्ट कूलरची. बऱ्याच गाड्यांत एटीएफचा कूलर रेडिएटरच्या आत असतो, त्यातून उलट दिशेने स्वच्छ एटीएफ सोडून बाहेर येणारं तेल पांढऱ्या भांड्यात बघा. तेल गुलाबी दुधासारखं दिसलं तर रेडिएटर आतून फुटून कूलंट मिसळलंय; मग रेडिएटर नवा घ्यावा लागेल. २०१९ च्या ऑगस्टमधल्या पुरानंतर माझ्याकडे असंच दुधाळ तेल असलेल्या गाड्या आल्या होत्या, त्यांत पाणी ब्रीदरमधून (बॉक्सच्या हवेच्या नळीतून) शिरलं होतं. वरून प्लेटा शाबूत दिसत, नखाने ओढलं की अस्तर सालीसारखं निघे.

बॉक्स परत चढवताना सगळ्यात मोठा धोका एकाच जागी आहे. कन्व्हर्टर बॉक्सवर बसवताना तो तीन टप्प्यांत आत जातो, फिरवत राहिलं की दर टप्प्याला ‘खट्’ असं जाणवतं. तिसरा टप्पा राहिला तर त्याचं नरडं पंपाच्या गिअरमध्ये बसलेलं नसतं. म्हणून बेल हाउसिंगच्या कडेवर सरळ पट्टी आडवी ठेवा, तिथून कन्व्हर्टरच्या बोल्टाच्या जागेपर्यंत खोली मोजा, मॅन्युअलशी जुळवा. बॉक्स इंजिनला हाताने भिडला पाहिजे. फट राहिली आणि बोल्टांनी ओढून घेतली, तर पंप तिथल्या तिथे फुटतो आणि पंधरा दिवसांचं काम पाच मिनिटांत जातं. फट दिसली की थांबा, खाली उतरवा, पुन्हा बसवा.

तेल भरताना लक्षात ठेवा, चेंबरमधून निघालं तेवढंच भरून भागत नाही; कन्व्हर्टर आणि कूलर रिकामे आहेत. थोडं भरा, इंजिन सुरू करा, ब्रेकवर पाय ठेवून प्रत्येक गिअरमध्ये काही सेकंद थांबा, मग पुन्हा भरा. पातळी इंजिन चालू ठेवून आणि ठरलेल्या तापमानालाच बघायची. प्लगवाल्या बऱ्याच बॉक्सना ते ४० अंशांच्या आसपास असतं, डिपस्टिकवाल्यांना गरम तेलाची खूण बघायची. स्कॅनरवरून जुनं लर्निंग (कंट्रोलरने साठवलेल्या जुन्या सवयी) पुसा. पहिली चक्कर पहाटे गंगापूर रोडने धरणापर्यंत, हलक्या पायाने, सगळे गिअर पडतील अशी. घरी येऊन गळती बघा, पातळी पुन्हा बघा. पाचशे किलोमीटरपर्यंत कसारा नको. त्यानंतर चेंबर उघडून चुंबक पुन्हा बघा आणि प्रेशर पुन्हा मोजा.

आता मुलाबद्दल. त्याला यात घ्या, पण मदतनीस म्हणून नको. मोजमापाची वही त्याच्याकडे द्या: प्रेशर, एंड प्ले, प्रत्येक क्लचची फट, प्रत्येक बेअरिंगची जागा, सगळं त्याच्या हाताने लिहिलेलं असावं, आणि आकडा जुळला नाही तर काम थांबवायचा अधिकार त्याचा असावा. ही तुमची एकुलती रोजची गाडी असेल तर मात्र आधी महिनाभराची दुसरी सोय करा. कामावर जायची घाई असलेला माणूस फट मोजत नाही.

सध्या बॉक्सला हात लावू नका. कोडच्या पट्टीचा फोटो, डीचं आणि आरचं आयडल प्रेशर, एलमध्ये इंजिन ब्रेक लागला की नाही, आणि गॅरेजने टाकलेल्या तेलाचं नाव, एवढं कळवा. किटची ऑर्डर त्यानंतर.